सगळं हाय

खडकवाडी वस्ती, ता. नांदगाव
२८ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव मल्हारीला सिंधुअक्काचा आशीर्वाद.

पत्र पुंजा कंडक्टरच्या हाती देतेय. फोन फाट्यावरच्या टपरीत चार्जिंगला पडलाय, दोन दिवस झाले, आणायला कोण जाणार? अन् फोनवर तुझं एकच, भोंग्यावर गाडी पुकारल्यासारखं बोलायचं अन् ठेवून द्यायचं. एसटी स्टँडवर नोकरीला हायेस म्हणून बहिणीलाबी प्रवासी समजतो काय? कागदावर तरी नीट वाचशील.

गोड बातमी आधी सांगते. महेशचं जमलं. मुलगी लासलगावची, नाव सृष्टी, बारावी झालेली. वडील नाथाभाऊ कांदा मार्केटात मापारी हायत. पाहुणे दिवाळीआधी घर बघून गेले होते, परवा होकार आला. लग्न मे महिन्यात. चार वर्षं पोरासाठी मी किती उंबरे झिजवले तुला माहितीये. सिन्नरला कंपनीत हाय म्हटलं की लोक खूश व्हायचे, अन् घर वस्तीवर हाय म्हटलं की चहा न घेताच उठायचे.

आता कडू. सोलरची यादी आली. आपल्या वस्तीवर घरं चार, लाईटचा पोल काही इथवर आला नाय, म्हणून चारी घरांना सोलरची पाटी, बॅटरी, चार दिवे अन् एक पंखा मिळायचा होता. यादीत नावं तीनच. लंकाबाईचं हाय, तिच्या दोन्ही दिरांचं हाय, आपलंच तेवढं नाय. ग्रामसेवकाला विचारलं तर म्हणतो नाशिकला विचारा. सर्वेवाला पोरगा आला होता, मोबाईलवर काय खरडून नेलं देव जाणे.

तुला कचेरीतलं कळतं, तू बघ. सून यायच्या आधी मला घरात उजेड पाहिजे. रेशनचं रॉकेल बंद झालं तेव्हापासून चिमणीत डिझेल जाळते, पत्र्याची आतली बाजू पार काळी झालीय. चुलीचा धूर वेगळाच. नवी पोरगी पहिल्याच दिवशी खोकायला लागली तर मला लाजेनं मेल्यासारखं होईल.

गाडीची वेळ झाली. सगळ्यांना आशीर्वाद.
तुझी अक्का


नाशिक
७ डिसेंबर २०२४

अक्का, साष्टांग नमस्कार.

महेशचं वाचून स्टँडवर पेढे वाटले. दोन गाड्या पाच-पाच मिनिटं लेट सोडल्या, कुणी बोललं नाही.

तुझ्या कामासाठी तीनदा सोलरच्या ऑफिसात गेलो. पहिल्या दिवशी साहेब मीटिंगला. दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवरच्या बाईंनी तुझा रेशनकार्ड नंबर टाकला आणि मला म्हणाल्या, तुमच्या बहिणीच्या घरी वीज आहे, गॅस आहे, पंखासुद्धा आहे. मी म्हटलं, बाई, त्या घरात टॉर्चचे सेल महिनाभर पुरवून वापरतात. त्या म्हणाल्या, सिस्टीममध्ये आहे. मी म्हटलं, सिस्टीममध्ये असेल, घरात नाही. त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

अक्का, माझं डोकंच फिरलं. ज्याने सर्वे केला त्याचं नाव काढून घेतलं. कुणी प्रफुल्ल म्हणून कंत्राटी पोरगा आहे. फाट्यावर चहा पीत बसून याने मोबाईलमधले रकाने भरले असणार. थांब्यावर गाडी न थांबवता थांबल्याची नोंद करणारे कंडक्टर मी हयातभर बघतोय, ही जात मला पाठ आहे. तिथेच बसून लेखी तक्रार दिली, तीन प्रतींत, पोच घेतली.

एकच खरं सांग. तो घरात आला होता का?

मल्हारी


खडकवाडी
१६ डिसेंबर २०२४

चि. मल्हारीस आशीर्वाद.

तक्रार कशाला केलीस? तुला नाव घालायला सांगितलं होतं, कुणाचं नाव काढायला नव्हतं सांगितलं.

आला होता तो. दारातूनच गेला असंल. मी चुलीपुढं होते, सरपणाच्या पळाट्या ओल्या होत्या, धुरात मला काय दिसणार? घामाघूम होऊन आला होता बिचारा, पायात झिजलेली चप्पल. अशा पोराच्या पोटावर पाय देऊ नये. चूक झाली असंल, माणूस हाय. तू आपला साधा अर्ज कर, चूक दुरुस्त करा म्हणून, अन् विषय मिटव.

इकडं लंकाबाईच्या पत्र्यावर पाटी बसवायची म्हणून माणसं येऊन माप घेऊन गेली. ती म्हणते, सिंधू, माझ्याकडून एक वायर ओढून घे. घेईन ना, पण तिच्या बॅटरीवर तिचेच चार दिवे कसेबसे चालणार, सासूसुनेची रोज भांडणं होतील ती माझ्या दिव्यापायी.

थंडी लय हाय. गुडघ्यांना तेल लावत जा.
अक्का


नाशिक
९ जानेवारी २०२५

अक्का, नमस्कार.

तुझ्या भावाला कमी समजू नकोस. तक्रार लागू पडली. त्या प्रफुल्लला कामावरून बंद केलं. बावीस तारखेला सुनावणी आहे, त्यालाही बोलावलंय, मलाही. त्याचं म्हणणं आहे की घरात जाऊन फोटो काढलाय. फोटो म्हणे फाईलला जोडलेला आहे. कुणाच्या घराचा फोटो तुझ्या नावावर चिकटवलाय ते त्या दिवशी सगळ्यांसमोर बघतोच.

एक कोडं मात्र सुटत नाही. धुरात तुला काही दिसत नव्हतं, तर त्याची झिजलेली चप्पल कशी दिसली?

मल्हारी


खडकवाडी
१५ जानेवारी २०२५

मल्हारी,

सुनावणीला जाऊ नको. अर्ज मागं घे. कारण विचारू नको. तीळगूळ पाठवलाय.

अक्का


नाशिक
२३ जानेवारी २०२५

अक्का,

तुझं पत्र मला काल संध्याकाळी मिळालं. पुंजाने संक्रांतीची सुट्टी लांबवली आणि पिशवी त्याच्या घरी पडून राहिली. तोवर मी जाऊन आलो होतो.

मायना लिहायची इच्छा नाही, म्हणून लिहिला नाही.

काय झालं ते ऐक. साहेबांच्या केबिनमध्ये मी, तो पोरगा आणि चार कारकून. पोरगा हात जोडून उभा. मी त्याला खोटारडा म्हणालो. तुझ्यासारख्यांमुळे गरिबाच्या घरात अंधार राहतो म्हणालो. आवाज तर माझा तुला माहीत आहे, बाहेरच्या बाकड्यावरची माणसं उठून दारात आली. पोरगा एवढंच म्हणाला, काका, एकदा फोटो बघा. मग साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

पंख्याखाली तू उभी आहेस. राखीला मी दिलेली हिरवी साडी नेसून. हसते आहेस. पंख्याच्या पात्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. भिंतीवर बोर्ड आहे, दोन बल्ब आहेत. कोपऱ्यात गॅसची लाल टाकी आहे आणि तिच्यावर लंकाबाईने काढलेलं स्वस्तिक मला लगेच ओळखू आलं. शेजारी टोपीवाला एक गृहस्थ बशीतून चहा पितोय. ते नाथाभाऊच ना?

खाली मान घालून बाहेर आलो. तो पोरगा माझ्या मागे आला, मला वाटलं शिव्या देईल. त्याने विचारलं, मावशींना बरं आहे ना? अक्का, तिथे मला रडू आलं, पण ते तुझ्यासाठी नव्हतं.

त्याला परत घेतलेलं नाही. सर्वे संपला, आता माणसं नको, असं सांगितलं.

साहेबांनी वाट सांगितली आहे. तू स्वतः जबाब लिहून द्यायचा की त्या दिवशी घरात वीज नव्हती, आजही नाही, आणि जे दिसतंय ते नुसतं लावलेलं आहे. त्यावर फोटोत जे दुसरे गृहस्थ दिसतात त्यांची साक्षीदार म्हणून सही. दुसऱ्या कुणाची चालणार नाही, मी विचारलं.

आता तू बघ. सही मागायला जायचं तर ज्याला फसवलं त्याच्याच दारात जावं लागेल. नाही गेलीस तर सून अंधारात येईल. मी यात पडणार नाही. मला माझ्या तोंडाने खोटं पाडलंस.

मल्हारी


खडकवाडी
११ फेब्रुवारी २०२५

चि. मल्हारी,

तू मायना लिहिला नाय, मी लिहिते. रागाव, तुझा हक्क हाय. पण आता सगळं वाच.

त्या दिवशी पाहुणे यायचे म्हणून महेशनं सिन्नरहून पंखा आणला. बोर्ड लावला, बल्ब लावले, वायर पत्र्याच्या मागं नेऊन सोडून दिली. टाकी लंकाबाईची, पाहुण्यांदेखत चहा गॅसवर व्हायला पाहिजे म्हणून. आपलीबी टाकी होती रे, पहिली संपली तशी रिकामीच हाय, भरून आणायची तर नांदगावला जायचं अन् अख्ख्या दिवसाची मजुरी बुडवायची. पाहुणे बसले. नाथाभाऊंनी वर पंख्याकडं बघितलं. मी म्हटलं, लाईट गेलीय सकाळपास्नं. लाईट गेलीय म्हटल्यावर आपल्याकडं कोण संशय घेतो? ते म्हणाले, आमच्याकडंबी तेच.

तेवढ्यात तो पोरगा आला. मावशी, सर्वे हाय. सगळ्यांच्या देखत विचारलं, घरात लाईट हाय का? गॅस हाय का? पंखा? नाथाभाऊ माझ्याकडं बघत होते, महेश माझ्याकडं बघत होता. मी काय बोलले असते? थांब बाबा, आत्ता नको विचारू, असं बोलले असते तरी कळलं असतं. म्हटलं, सगळं हाय, बाबा. त्यानं बोटानं टिकटिक करून लिहून घेतलं. मग म्हणाला, मावशी, पंख्याखाली उभ्या राहा. राहिले. हस म्हणाला नव्हता, ते मी आपसूक हसले.

मला वाटलं होतं, नंतर फाट्यावर गाठून सांगू, पोरा, ते खोडून टाक. गेले तर तो निघून गेलेला. खोडतात कसं ते मला काय माहीत?

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस भाकर गोड लागली नाय. त्या प्रफुल्लचं तोंड डोळ्यापुढून हलेना. शेवटी सातवीपर्यंतच्या शाळेत शिकले तेवढ्या अक्षरात जबाब लिहिला अन् परवा एकटी लासलगावला गेले. महेशला सांगितलं नाय, त्यानं जाऊ दिलं नसतं.

मार्केटात ट्रॅक्टरची ही मोठी रांग. नाथाभाऊ काट्यापाशी. मला बघून लगबगीनं आले, विहीणबाई असं कसं न सांगता आल्या म्हणाले, चहा मागवला. मी कागद पुढं केला. तोंडानं सांगायचं ठरवून गेले होते, ते राहिलं.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग खिशातून पेन काढला अन् गोणीवर कागद ठेवून सही केली. म्हणाले, "ताई, माझा जन्म काट्यापुढं गेला. तुमच्या पत्र्यावरून तारच आत येत नव्हती, ते मी अंगणातूनच पाहिलं होतं."

मी म्हटलं, मग बोलला का नाय?

"पोराची आई एवढी धडपडते, तिला चारचौघांत उघडं पाडून मी काय मिळवलं असतं? त्याच संध्याकाळी सृष्टीला मात्र सगळं सांगितलं. मुलगी द्यायची, तिच्यापासून लपवायचं नाही." मी विचारलं, ती काय म्हणाली? तर म्हणे ती म्हणाली, पंखा आणलाय ना त्यांनी, मग लाईटपण आणतील.

मल्हारी, माझ्या खोटेपणावर त्या पोरीनं भरवसा ठेवलाय.

एकच गोष्ट ते म्हणाले, सृष्टीच्या मामीला यातलं कळू देऊ नका. ती बाई गावभर करील अन् मोडायला बघील. कागद सोबत पाठवलाय. जपून ने. त्या पोराचा पत्ता काढ, मला त्याच्यासाठी काहीतरी करायचंय, काय ते कळत नाय.

तुझी खोटारडी अक्का


नाशिक
२१ मार्च २०२५

ती. अक्का, साष्टांग नमस्कार.

मायना लिहिला आहे, बघ.

तुझा जबाब देऊन सव्वा महिना झाला. तेवढ्या वेळात मी किती वेळा गेलो ते मोजायचं सोडून दिलं. एकदा कागद दुसऱ्या टेबलावर. एकदा त्या टेबलावरची बाई रजेवर. एकदा म्हणाले, सही निळ्या शाईत आहे. काल अखेर काम झालं. सिस्टीममध्ये आता तुझ्या नावापुढे ‘वीज नाही’ असं आलं. मी बाईंना दोनदा वाचून दाखवायला लावलं.

मग विचारलं, सोलरचा संच कधी? तर म्हणाल्या, हा टप्पा जानेवारीअखेर बंद झाला, तुमचं नाव पुढच्या टप्प्यात प्राधान्याने घेऊ. पुढचा टप्पा कधी? ते वरून कळेल. मी नकळत वर बघितलं, तिथे त्यांचा पंखा फिरत होता.

अक्का, मी ठरवून गेलो होतो की असं काही बोलले तर सरळ बाजारातून संच विकत घेऊन तुझ्या पत्र्यावर बसवायचा, भाच्याच्या लग्नाचा आहेर म्हणून. साहेबांना तसं बोलूनही दाखवलं. ते सज्जन माणूस आहेत, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असं करू नका. पडताळणीला माणूस केव्हाही येईल. घरात दिवा लागलेला दिसला की परत ‘वीज आहे’ होईल आणि या वेळी कायमचं. तुमच्या बहिणीने आधी एकदा खोटं सांगितलेलं फाईलला आहेच. तेव्हा तो पंखा आणि बोर्डही काढून ठेवायला सांगा.

म्हणजे खोटं सांगितलं तेव्हा अंधार, खरं सांगितलं तरी अंधार, आणि आता पुरावा म्हणून तो अंधार जपून ठेवायचा. मी आयुष्यभर सरकारी नियम लोकांच्या तोंडावर फेकले आहेत, कंडक्टर होतो तेव्हा तर, सुटे पैसे नाहीत तर खाली उतरा. काल पहिल्यांदा मला उतरवलं कुणीतरी.

प्रफुल्ल सापडला. स्कूटरवरून पार्सलं पोचवतो. मी त्याच्या पाया पडायला वाकलो तर त्याने धरलं, काका लोक बघतायत म्हणाला. तुझा निरोप सांगितला. म्हणाला, मावशींना सांगा, त्या दिवशी चहा त्यांनीच पाजला होता, दुसऱ्या कुठल्या घरात पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

पंखा काढून ठेव. लग्नाला येतो, पण मंगल कार्यालयातूनच परत फिरेन, दुसऱ्या दिवशी ड्यूटी आहे. आणि खरं सांगायचं तर सुनेला त्या घरात जाताना मला बघवणार नाही.

मल्हारी


खडकवाडी
९ मे २०२५

चि. मल्हारीस अनेक आशीर्वाद.

लग्नात तू आवाज चढवला नाय, अक्षता पडेपर्यंत हसत होतास, त्याबद्दल शाबासकी. तू कार्यालयातून निघून गेलास ते बरं केलंस का वाईट, मला अजून ठरवता येत नाय. संध्याकाळी काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाय.

पंखा मी काढला नाय. बोर्डबी नाय. तू मला मूर्ख म्हण. सून घरात येणार अन् मी भिंतीवरून खिळे उपटत बसू? पडताळणीवाला येईल तेव्हा येईल.

आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. लंकाबाईकडं अन् तिच्या दिरांकडं पांढरा लख्ख उजेड, अंगणातली कोंबडीसुद्धा दिसत होती. मधे आपलं घर काळं. मी पुढं पळत जाऊन दोन समया अन् चिमणी लावली. मापाऱ्याची लेक माप ओलांडून आत आली. समईच्या उजेडात लय गोड दिसली रे, तुला सांगते, देवीसारखी म्हणणार होते, पण देवीला एवढा घाम येत नसंल. वारा पडलेला, पत्रा दिवसभर तापलेला.

पाठराखीण म्हणून कोण आली असंल सांग? तीच मामी. आत येऊन टेकली नाय तोवर उठली अन् बोर्डापाशी गेली. पंख्याचं बटण दाबलं. परत दाबलं. मग दिव्याचं दाबलं. खोलीत पंधरा बाया, सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. लंकाबाई खाली बघायला लागली. मी चुलीपुढं होते, हातात उलथनं. ऑक्टोबरात एवढं सहज निघालं होतं ते आता निघेना. एकदा लिहून दिल्यावर खोटं बोलणं माझ्याच्यानं होईना.

मामी म्हणाली, "अगं बाई, शेजारी तर लख्ख हाय. इथंच काय झालं?"

देवापुढं बसलेली सृष्टी मागं न बघता बोलली, "लाईट गेलीय, मामी. शेजारी सोलरची हाय, आपली पोलवरची. येईल."

मामी बसली. पदरानं वारा घ्यायला लागली. बायांची बोलणी परत सुरू झाली, कुणी पोलवरच्या लाईटचा काय भरवसा म्हणालं, कुणी हो म्हणालं.

थोड्या वेळानं सृष्टी उठून चुलीपाशी आली, माझ्या शेजारी बसली. मी म्हटलं, पोरी, धूर हाय, तिकडं बस. ती म्हणाली, असू द्या. पदर तोंडावर धरून खोकला गिळत होती. मला ऐकू येऊ नये म्हणून. मी पोळी उलटत राहिले अन् डोळे पुसत राहिले, धुरामुळं कुणाला कळलं नाय.

मल्हारी, लोक म्हणतात सून आल्या आल्या सासूचं घर उचलून धरते, मला वाटायचं म्हणायचं म्हणून म्हणतात. त्या पोरीनं या घरात पाऊल ठेवलं अन् पहिलं काय केलं, तर माझीच थाप माझ्यासाठी परत मारली. मी तिला शिकवली नव्हती. दुसऱ्यांदा मारायची पाळी मी तिच्यावर येऊ देणार नाय.

सोमवारी त्या सोलरच्या ऑफिसाला सुट्टी हाय म्हणे, म्हणून मंगळवारच्या पहिल्या गाडीनं येतेय. सृष्टीला सांगितलं तर ती म्हणाली मीबी येते. महेश नको म्हणत होता, अजून हळद उतरली नाय, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, हळदीच्या अंगानं गेलेलं बरं, लक्षात तरी राहील त्यांच्या. तू फक्त स्टँडवर थांब अन् कोणत्या खिडकीपुढं उभं राहायचं ते दाखव. बोलायचं आम्ही दोघी बघू.

तुझी अक्का